जंघाबल : उत्तरायुष्याचे खरे भांडवल

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लिखित पाठ)



संस्थेच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मागे वळून पाहिले, तर एक लहानसा बदल कोणाच्याही नजरेत भरेल. पन्नास वर्षांपूर्वी धर्मसभेसाठी सतरंजी अंथरली की सभा भरत असे. वयोवृद्ध मंडळीही आसन टाकून मांडी घालून बसत आणि प्रवचन संपले की जमिनीवरून उठून वंदनेसाठी पुढे जात. आज बहुतेक सभागृहांत भिंतीलगत खुर्च्यांची रांग दिसते आणि दर चातुर्मासागणिक ती लांबत चालली आहे. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. गुडघे दुखतात, कंबर साथ देत नाही, म्हणून खुर्ची आली. परंतु एक प्रश्न मनात येतो. पाय थकले म्हणून खुर्ची आली, की खुर्ची आली म्हणून पाय थकले ? विचारांती लक्षात येते की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आजच्या विषयाचे मर्म याच ठिकाणी आहे.

पूर्वसूरींचा मापदंड

आपल्या साधु-साध्वींच्या आचारात ‘जंघाबल’ हा शब्द फार जुना आहे. चातुर्मास वगळता उर्वरित काळ गावोगाव पायी विहार करावा, हा नियम. एका स्थानी कायम राहण्यास मुभा केव्हा ? तर जंघाबल क्षीण झाल्यावर. तेव्हा स्थिरवास घ्यावा, असे सांगितले आहे. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा भाग, तर मराठीत मांडी. पण दोन्ही मिळून अर्थ एकच, पायांतील शक्ती. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की स्थिरवासाचा निर्णय पांढऱ्या केसांवर किंवा वयाच्या आकड्यावर सोपविलेला नाही. पाय चालतात की नाही, एवढेच पाहिले आहे.

आधुनिक वैद्यकशास्त्र अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर याच निष्कर्षाच्या जवळ आले आहे. अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८-८९ च्या सुमारास वार्धक्यात स्नायू झिजण्याच्या क्रियेस ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. त्याआधी या झिजेला स्वतंत्र नावच नव्हते. ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत सारे संपत असे.

मुद्दलाला लागलेली गळती

माणसाच्या स्नायूंचे भांडवल साधारणतः तिशीपर्यंत वाढते. त्यानंतर दर दहा वर्षांना शेकडा तीन ते आठ इतके ते कमी होत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. व्यापारी माणसाला हे लवकर उमगेल. दुकानात रोजची उलाढाल चालू असते, गिऱ्हाइकांची वर्दळ असते. परंतु मुद्दल हळूहळू खाल्ले जात असेल, तर ते वर्षअखेरीस ताळेबंद मांडल्यावरच कळते. स्नायूंचेही तसेच आहे. अडचण अशी की येथे ताळेबंद कोणी मांडत नाही. ज्या दिवशी माणूस पडतो, त्या दिवशी तो आपोआप मांडला जातो.

यात आणखी दोन बारकावे आहेत. पहिला असा की स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची शक्ती अधिक वेगाने घटते. पाय वरकरणी पूर्वीइतकाच जाड दिसतो, पण बळ ओसरलेले असते. दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा. स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही संथ, दीर्घकाळ काम करणारे. काही चपळ, क्षणात जोर लावणारे. वयोमानाने चपळ तंतू आधी बारीक होतात.

याचा पडण्याशी संबंध कसा, ते पाहू. चालताना पाऊल अडखळते तेव्हा दुसरा पाय झटकन पुढे पडला पाहिजे आणि त्याने साऱ्या शरीराचा भार पेलला पाहिजे. हा सारा व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरा व्हावा लागतो. तरुणाच्या बाबतीत तो इतक्या सहज होतो की आपण अडखळलो हेही त्याच्या लक्षात राहत नाही. वृद्धाच्या बाबतीत पाय पुढे पडतो, पण उशिरा पडतो. किंवा वेळेवर पडतो, पण मांडीत भार पेलण्याचे बळ नसते. मग माणूस खाली येतो. घरचे म्हणतात, “फरशी ओली होती”, “उंबरठा लागला”. ओली फरशी हे निमित्त. तीच फरशी घरातील नातवानेही ओलांडलेली असते.

पायाचे चार स्नायूसमूह तोल सावरण्यात विशेष कामी येतात. मांडीच्या पुढील स्नायू बसल्या जागेवरून उठवतात आणि पायऱ्या उतरताना शरीराला आवरून धरतात. मोताळ्याकडून येणाऱ्या वाहनाची राजूर घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते आणि उतरताना ब्रेकची. मांडीचा स्नायू ही दोन्ही कामे एकटा करतो. नितंबाचे स्नायू शरीर डावी-उजवीकडे कलंडू देत नाहीत. पोटरीचे स्नायू पाऊल पुढे ढकलतात. आणि नडगीच्या पुढील लहानसा स्नायू चवडा वर उचलून धरतो. हा स्नायू दुबळा झाला की पाय घासत चालू लागतात आणि सतरंजीची दुमडलेली कडही उंबरठ्यासारखी आडवी येते.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि दगावणाऱ्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी केली. साठीपुढील साधारण दर आठ जणांत एक जण मागील दोन वर्षांत पडलेला होता, असे त्या पाहणीतून दिसते.

हे आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. महाराष्ट्रात साठीपुढील नागरिकांचे प्रमाण तेव्हा शेकडा ९.९ होते. तेच प्रमाण धरले, तर जिल्ह्यात अडीच लाख ज्येष्ठ नागरिक होतात. त्यांतील आठवा हिस्सा म्हणजे तीस हजारांहून अधिक माणसे. हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रश्नाचा आवाका कळण्यास पुरेसा आहे. एखादे मोठे गाव व्हावे इतकी माणसे दोन वर्षांत पडतात, आणि त्याची बातमी होत नाही.

साध्या खरचटण्यावर निभावले तर उत्तमच. परंतु सर्वांत मोठी धास्ती असते ती खुब्याचे हाड मोडण्याची. वार्धक्यात खुब्याची बहुतेक सारी मोडतोड पडण्यानेच होते, त्यातही कुशीवर पडण्याने. विदेशांतील अभ्यासांनुसार खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक ते चारांत एक जण वर्षाच्या आत जग सोडून जातो. जे वाचतात, त्यांतील अनेकांचे स्वतंत्रपणे हिंडणे-फिरणे पूर्ववत होत नाही. संपत्ती आणि पद यांचा येथे उपयोग नसतो. तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव हे डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या निवासस्थानी न्हाणीघरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. हैदराबादेत त्यांच्यावर खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांचे वय तेव्हा ६९ होते, आणि सेवेला माणसांची वाण नव्हती.

मायेचा पिंजरा

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ते कोण्या एका घराचे नाही. मलकापूर, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, कोठेही आढळेल. सत्तरीचे एक गृहस्थ. आयुष्यभर दुकानाच्या गादीवर बसले, उठले, माळ्यावरून गठ्ठे काढले. एके दिवशी न्हाणीघरात पाय सरकला. हाड मोडले नाही, मुका मार बसला. डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. मुलगा आज्ञाधारक, सून प्रेमळ. आठ दिवसांचे दोन महिने झाले. “बाबा, तुम्ही उठू नका, पाणी आणून देते.” “बाबा, दुकानी येण्याची दगदग नको, आम्ही आहोत ना.” “दर्शनाला गाडीने सोडतो, पायऱ्या चढू नका.” यातील एकही वाक्य वाईट हेतूने उच्चारलेले नाही. पण प्रत्येक वाक्यागणिक त्या गृहस्थांच्या पायांचे एकेक काम काढून घेतले गेले. मनात भीती तर होतीच, आता पायांतले उरलेसुरले बळही गेले. सहा महिन्यांनी ते दुसऱ्यांदा पडले, आणि त्या वेळी खुबा मोडला.

पहिल्या पडण्याने हाड मोडले नव्हते. दुसऱ्या पडण्याची सिद्धता मधल्या सहा महिन्यांत घरातल्या मायेनेच केली, हे कठोर वाटले तरी सत्य आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात साठीपुढील निरोगी व्यक्तींना दहा दिवस पूर्ण अंथरुणावर ठेवण्यात आले. अवघ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांसल भाग घटला. निरोगी माणसाची ही गत, तर आजारी माणसाचे काय होत असेल ? म्हणून विश्रांती हे औषध समजावे. डॉक्टरांनी सांगितली तितकीच, सांगितली तितकेच दिवस घ्यावी.

सेवा म्हणजे सारे काही हाती आणून देणे, ही समजूत बदलावयास हवी. वडिलांना पाण्याचा पेला आणून देणे ही सेवा. पण त्यांना उठून पेला घेता यावा म्हणून शेजारी उभे राहणे ही त्याहून मोठी सेवा.

नव्वदीतही परतणारे बळ

इतके ऐकून कोणी निराश होऊ नये, कारण खरी आनंदाची वार्ता पुढेच आहे. गेलेले जंघाबल बऱ्याच अंशी परत मिळविता येते, आणि त्याला वयाची अट नाही.

अमेरिकेत बोस्टन येथे मारिया फिआतारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांकडून त्यांनी आठवडे-आठ मांड्यांचा भारासह व्यायाम करून घेतला. त्यापूर्वी इतक्या वृद्धांना वजन उचलावयास लावणे धोक्याचे मानले जाई. ज्यांनी प्रयोग पूर्ण केला, त्यांच्या मांडीची शक्ती सरासरीने पावणेतीन पट झाली. दोघांनी तर चालताना काठी टाकून दिली. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, शंभर दुर्बल वृद्धांवर असाच प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवड्यांत त्यांतील व्यायाम करणाऱ्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली.

न्यूझीलंडमधील ओटागो येथे जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करावयाच्या पायांच्या व्यायामांचा क्रम बसविला. त्यांच्या सर्व प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष पाहता पडण्याचे प्रमाण शेकडा ३५ ने घटले. २०१९ मध्ये जगभरातील १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण शेकडा २३ ने कमी होते, आणि तोल व शक्ती या दोहोंचे व्यायाम एकत्र केल्यास लाभ याहून अधिक असतो, असे त्यात दिसून आले.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. “आम्ही रोज सकाळी फिरावयास जातो, मग आणखी काय हवे ?” फिरणे उत्तमच. आपला जिल्हा तर चालणाऱ्यांचा जिल्हा. दरवर्षी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी महिनाभराहून अधिक पायी चालत पंढरपूरला जाते. आपले साधु-साध्वी उन्हातान्हात अनवाणी विहार करतात. चालण्याने हृदय, फुप्फुसे आणि दम यांना लाभ होतो. परंतु सपाट रस्त्यावरील संथ फेरफटक्याने मांडीवर पुरेसा भार पडत नाही. नुसत्या चालण्याने पडणे टळते, असे त्या १०८ प्रयोगांतूनही ठामपणे सिद्ध झालेले नाही. स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा थोडे अधिक काम मिळाले तरच तो वाढतो. म्हणून फेरफटका चालू ठेवावा आणि त्याला शक्तीच्या व्यायामाची जोड द्यावी.

स्वतःचा ताळेबंद

आपले जंघाबल किती, हे कोणासही घरी पाहता येते. सुमारे दीड फूट उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. शेजारी कोणी तरी उभे असावे. वैद्यक क्षेत्रात प्रचलित मोजमापानुसार ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ वेळा उठता आले पाहिजे. ६५ ते ६९ या वयात हे आकडे १२ व ११. ७० ते ७४ मध्ये १२ व १०. ७५ ते ७९ मध्ये ११ व १०. आणि ८० ते ८४ मध्ये १० व ९. याहून कमी भरल्यास पडण्याचा धोका अधिक आहे, असे समजावे. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर तो आकडा शून्य धरतात.

दुसरी कसोटी आपल्या परंपरेच्या फार जवळची आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजार स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून उठावयास सांगितले. हात किंवा गुडघा टेकल्यास प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल गेल्यास अर्धा. दहापैकी तीन वा त्याहून कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या पाच-सहा पट आढळले. जमिनीवरून उठता येत नाही म्हणून मृत्यू येतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याला उठता येते त्याच्या अंगी बळ, लवचिकता आणि तोल ही तिन्ही शिल्लक आहेत, एवढे निश्चित. सामायिकासाठी आसनावर बसणे आणि ४८ मिनिटांनी हात न टेकता उठणे, पंगतीत पाटावर बसून जेवणे, यांत पूर्वजांची ही परीक्षा नित्य होत असे. ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत किंवा खुबा अथवा गुडघा बदललेला आहे, त्यांनी मात्र ही दुसरी कसोटी करू नये.

नित्यक्रम

व्यायाम साधे आहेत, त्यांना पैसा लागत नाही. पहिला, खुर्चीतून उठबस. आरंभी हातांचा आधार घ्यावा, पुढे तो सोडावा. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा वेळा. बसताना धपकन न बसता सावकाश बसावे, कारण उतरत्या हालचालीतच ब्रेक तयार होतो. दुसरा, स्वयंपाकघरातील ओटा धरून टाचा उचलणे. तिसरा, तसेच उभे राहून चवडे उचलणे. चौथा, ओटा धरून एकेक पाय सरळ बाजूला उचलणे. यामुळे नितंब बळकट होतात. पाचवा, भिंतीच्या आधाराने एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल चिकटवून दहा पावले चालणे. सहावा, कठडा धरून एकाच पायरीवर चढ-उतार.

शक्तीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एकेक दिवस सोडून करावेत. तोलाचे व्यायाम रोज केले तरी चालतात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना पाय थकल्याचे जाणवले पाहिजे. न जाणवल्यास हळूहळू आवर्तने वाढवावीत. श्वास रोखू नये. छातीत दुखणे, चक्कर, धाप किंवा सांध्यात तीव्र कळ जाणवल्यास तत्काळ थांबावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांचा सल्ला घ्यावा. साधारण दोन-तीन महिन्यांनी खुर्चीची कसोटी पुन्हा करावी आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. आकडा वाढलेला पाहून मनाला उभारी येते.

आहार आणि घर

व्यायामाने स्नायूंना मागणी निर्माण होते. माल पुरवितात ती प्रथिने. ज्येष्ठांनी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सुचवितात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस साठ ते सत्तर ग्रॅम. आपल्या घरांतील वृद्धांचे रात्रीचे जेवण म्हणजे पुष्कळदा थोडी खिचडी आणि ताक. त्यातून हा हिशेब जुळत नाही. शाकाहारात प्रथिनांची उणीव मुळीच नाही. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. तूर, हरभरा आणि सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकतात. चौविहार पाळणाऱ्यांचे दोन जेवणांतील अंतर मोठे असते. म्हणून सकाळच्या न्याहारीपासूनच डाळ, दही, दूध, मोड आलेली कडधान्ये यांचा वाटा ठेवावा. तपश्चर्या हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. मात्र मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असताना उपवास करावयाचा असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे, आणि उपवासात आसनावरून उठताना क्षणभर थांबून मग पाऊल टाकावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घराकडेही एकदा परक्याच्या नजरेने पाहावे. न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला पकडण्यासाठी भक्कम दांडी, खडबडीत फरशी, रात्री अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिवा, दुमडलेल्या चटया दूर, घोळदार धोतर वा साडी पायांत येणार नाही अशी नेसलेली, आणि घरातही मागून पट्टा असलेली पादत्राणे. झोपेची औषधे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी तोल जाऊ शकतो. सर्व औषधांची यादी वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावी. डोळे तपासावेत, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आहे का, हेही विचारावे.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर बगलेत हात घालून घाईने ओढून उठवू नये. एक पाय आखूड दिसत असेल व पाऊल बाहेर वळलेले असेल, तर खुबा मोडल्याची शक्यता असते. अशा वेळी हलविण्याचा प्रयत्न न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सत्तरीपुढील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे; त्याचे कार्ड पडण्यापूर्वीच काढून ठेवावे. काही न मोडता पडले असतील, तरी ते लपवू नये. पुष्कळ वृद्ध संकोचाने सांगत नाहीत. एक पडणे ही पुढच्या पडण्याची नोटीस असते.

उपसंहार

आपल्या तीर्थांच्या वाटा पायऱ्यांच्या आहेत. पालिताण्याच्या शत्रुंजयावर तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. डोलीची सोय आहे आणि ज्याला गरज त्याने ती घेण्यात कमीपणा नाही. पण स्वतःच्या पायांनी चढून दादांचे दर्शन घेण्याची आस प्रत्येकाच्या मनात असतेच. ती आस पुरी करण्याची तयारी यात्रेच्या आदल्या आठवड्यात होत नाही. ती घरातल्या खुर्चीपाशी वर्षभर करावी लागते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेला सहज करता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. सभागृहातील काही खुर्च्या हात असलेल्या व भक्कम घ्याव्यात, जेणेकरून उठताना त्या सरकणार नाहीत. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रवचनानंतर वीस मिनिटे, ज्येष्ठांनी एकत्र येऊन हे व्यायाम करावेत. एकट्याने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो. दहा जणांनी मिळून केलेला टिकतो. तरुण मंडळाने शेजारी उभे राहावे. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी विटा वाहून ही वास्तू उभी केली, त्यांच्यासाठी एवढे करणे अवघड नाही.

भिंतीलगतची खुर्च्यांची रांग उद्याही राहील, राहावयासही हवी. तिच्यात बसलेल्या प्रत्येकाला मंगलपाठाच्या वेळी कोणाचाही हात न धरता उभे राहता यावे, एवढीच या प्रसंगी मंगलकामना.

जय जिनेंद्र !